काचेवरचं सारवण

लॅबमध्ये मशीन आलं ते माझी बायको गेल्यानंतर चार महिन्यांनी. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण माझ्या डोक्यात ती एकाच खुंटीला अडकलीत. म्हणून सांगायचं तर दोन्हींचं मिळूनच सांगावं लागेल.

मी चौथी शिकलेला माणूस. घर अंथुर्ण्याला, आणि जन्म काढला बारामतीच्या एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये. आधी काचा धुवायला होतो, मग काचा ओढायला लागलो. काच ओढणं म्हणजे रक्ताचा एक थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायचा आणि दुसऱ्या काचेच्या कडेनं तो इतका पातळ पसरायचा, की दुर्बिणीखाली रक्तातली एकेक पेशी सुटी दिसली पाहिजे. दुर्बीण म्हणजे मायक्रोस्कोप. आमच्याकडं दुर्बीणच म्हणतात. मशीन आलं ते हेच काम करायला. रक्ताच्या नळ्या त्यात उभ्या करायच्या आणि आपण बाजूला व्हायचं. ते स्वतः थेंब घेतं, काच ओढतं, वाऱ्यानं वाळवतं, वर नंबर छापतं आणि जांभळ्या रंगात बुडवून काच बाहेर ठेवतं.

मशीनला जागा पाहिजे होती. जागा एकच होती, जुन्या काचांचं कपाट होतं तिथं. त्या कपाटात एक निळी पेटी होती, आणि त्या पेटीत एक काच माझ्या बायकोच्या रक्ताची होती. मीच ओढलेली. तिचं बाकी सगळं मागं राहिलंय, लुगडी आहेत, चपला आहेत, विळी आहे. पण अंगातलं म्हणावं असं तेवढंच राहिलं होतं. मला ती काच पाहिजे होती. दुसरं काही नको.

आता ओढायचं कसं शिकलो ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

पहिल्या वर्षी मला काच ओढताच येईना. त्या वेळचे मोठे डॉक्टर, म्हणजे आत्ता लॅब बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंचे सासरे, दाखवायचे. थेंब काचेच्या एका टोकाला घ्यायचा. दुसरी काच तिरपी धरून थेंबापर्यंत मागं आणायची. थेंब तिच्या कडेला लागला की आपोआप आडवा पसरतो. मग तशीच एका दमात पुढं न्यायची. खरं तर ती ढकलायची असते, पण सगळे ओढणं म्हणतात, मीही म्हणतो. डॉक्टरांची काच जिभेगत यायची, अलीकडं जाड आणि पलीकडं पातळ होत होत पिसागत संपलेली. माझी एक तर लगदा व्हायची नाहीतर पट्ट्यापट्ट्यांची. ते काच उजेडाला धरायचे आणि म्हणायचे, ही काच आहे का पानाची पिंक. आणि डब्यात टाकायचे.

मग मी कड फुटलेल्या काचा घरी आणल्या आणि बीट उकडलेलं पाणी घेऊन सरावाला बसलो. बायको पडवी सारवत होती. चुलीपासून दारापर्यंत जमीन मातीचीच होती, फरशी पुष्कळ नंतर आली. ती सारवता सारवता माझ्याकडं बघत होती. बऱ्याच वेळानं उठून आली, हात शेणानं भरलेले, आणि म्हणाली, "आवो, तुमी दाबताय. सारवताना दाबत न्हाईत. अन् हात एकदा निघाला की मधी थांबायचं न्हाय. थांबला की वळ उठतो."

मी म्हणालो हे डॉक्टरी काम आहे, तुझ्या सारवणाचं इथं काय. तिनं ऐकून घेतलं नाही. माझा हात धरून बादलीत घातला आणि मला पडवी सारवायला लावली. अर्धी पडवी मी सारवली. शेजारच्या दोघी कुंपणावरून बघत होत्या, त्यातली एक म्हणाली की आता लुगडंबी नेसवा. बायकोनं तिकडं लक्ष दिलं नाही. माझा हात जरा थांबला की मनगटावर टिचकी मारायची. जोर खांद्यातनं नाही, मनगटातनं नाही, नुसता हाताचा भार ठेवायचा आणि चालत राहायचं, हे मला त्या दिवशी कळलं. पुस्तकात असेल, पण मला ते शेणात कळलं.

सोमवारी लॅबमध्ये पहिलीच काच जिभेगत निघाली. मोठ्या डॉक्टरांनी ती खिडकीकडं धरली, बराच वेळ बघितली आणि काही न बोलता रंगवायला ठेवली. त्यांचं कौतुक असलंच असायचं. दुपारी त्यांनी विचारलं, कुठं शिकलास. मी सांगितलं. ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसले. तेव्हापासून लॅबमध्ये स्मिअर हा शब्द कुणी वापरला नाही. सगळे सारवणच म्हणायला लागले. पुण्याहून एखादा मोठा डॉक्टर आला आणि त्याच्यापुढं कुणी म्हणालं की सकाळची सारवणं झाली सर, तर तो जमिनीकडं बघायचा.

पुढं बरीच वर्षं आठवड्यातले दोन दिवस मी इंदापूरला जायचो. एसटी स्टँडजवळ आमची एक खोली होती, तिथं लोक रक्त द्यायला यायचे. रक्त नळीत फार वेळ राहिलं की पेशी फुगतात, मग बघून उपयोग नसतो. म्हणून सारवण तिथंच ताजं करायचं, वाळवायचं, खाचांच्या लाकडी पेटीत काचा उभ्या लावायच्या आणि बसनं बारामतीला आणायच्या. पेटी मांडीवर. कंडक्टर ओळखीचा झाला होता, तो ब्रेक लागला की आधी माझ्याकडं बघायचा. अंथुर्णं वाटेतच लागतं. बायको थांब्यावर यायची आणि खिडकीतनं भाकरीचं फडकं द्यायची. बस थांबते ती किती, उतरणारा उतरेपर्यंत. तेवढ्यात तिचं एकच विचारणं असायचं.

"किती घरं सारवली आज?"

मी म्हणायचो तीस, नाहीतर चाळीस. ती म्हणायची, बरं हाय, आमचं एकच सारवून कंबार मोडली. बसमधले लोक समजायचे की हा बाबा गवंडीकाम करतो.

अशी वर्षं गेली. मुलानं शेतात जाळीखाली ढोबळी मिरची लावली, घराला फरशी बसली, सारवायचं बंद झालं. मोठे डॉक्टर वारले, सूनबाई खुर्चीवर बसल्या. मी सारवतच होतो.

मग बायकोच्या मानेला गाठी आल्या. मिरची तोडताना ती सरीत बसायला लागली. ती बसणारी बाई नव्हती. मी तिला बारामतीला घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, बोटाचं ताजं रक्त घेऊन सारवण करा. बोटाला टोचणारी बाई वेगळी होती. काच ओढायची मला होती.

माझा हात थरथरला. इतक्या वर्षांत कधी थरथरला नव्हता. गाठी बघून मला अंदाज आला होता आणि मी भ्यालो होतो, त्यात लाज कसली. काच निम्म्यावर गेली आणि अडखळली, पुढं सरकली, परत अडखळली. थेंब वाळला तेव्हा बघितलं, जिभेवर आडवे तीन वळ. कालव्याच्या पाण्यावर वारा आला की दिसतात तसे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तात्या, ही चांगली नाही आली, परत टोचून दुसरी काढू. मी म्हणालो न्हाय टोचायचं, हाय त्यातच बघा. त्या लॅबमध्ये मी त्यांना पहिल्यांदा उलटं बोललो. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि तीच काच रंगवून घेतली.

डॉक्टरीणबाई बराच वेळ दुर्बिणीवर वाकून होत्या. डॉक्टर लवकर मान वर करत नाही म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. बायकोला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, मलाबी बघू द्या, माझंच हाय ना. डॉक्टरीणबाईंनी आधी तिला दुसऱ्या कुणाची तरी चांगल्या रक्ताची काच दाखवली. तिनं एक डोळा मिटला, वाकली आणि म्हणाली की गुलाबी पापड्या वाळत घातल्यात आणि मधी एखादं जांभूळ पडलंय. मग तिची स्वतःची काच लावली. तिनं परत डोळा लावला.

"हितं जांभळंच लई झाली की वो," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की मी लिहिणार होते ते तुम्हीच सांगितलं. मग नीट समजावलं. जांभळं म्हणजे पांढऱ्या पेशी, त्या नको तेवढ्या वाढल्यात, पण या वयात हा आजार सावकाश चालतो, गोळ्या आहेत, घाबरायचं नाही. बायको घाबरलीच नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाली, सारवताना हात थांबला व्हय तुमचा, तीन वळ उठल्यात. तिनं ती काच टेबलावर पडलेली बघितली होती. मी म्हणालो काचेची कड खराब होती. ती म्हणाली, असंल.

त्यानंतर ती अडीच वर्षं होती, आणि ती वर्षं चांगली गेली. गोळ्या लागू पडल्या. ती परत मिरचीत गेली, इंदापूरच्या बाजारातनं बांगड्या भरून आली, नातीच्या बारशाला पुरणपोळ्या लाटल्या. तीन महिन्यांनी तपासायला जायचो. पुढच्या सगळ्या काचा मी सरळ ओढल्या, त्या बघून झाल्या की टाकून दिल्या जायच्या. पहिली काच तेवढी निळ्या पेटीत राहिली. त्या पेटीत आजाराच्या काचा ठेवायचे, शिकायला येणाऱ्या पोरापोरींना दाखवायला.

ती थंडीत गेली. सकाळी उठून चहा मागितला. मी करून आणला तोवर गेली होती. तो कप मी दोन दिवस धुऊ दिला नाही, मग सुनेनं न विचारता धुतला. बरं केलं. याच्यावर जास्त सांगता येत नाही.

मी लॅबला जायचं सोडलं. कुणी बोलावलंही नाही, वय झालंच होतं. शेतात जाऊन बसायचो. एक दिवस लॅबमधनं फोन आला. तिथं एक नवीन टेक्निशियन मुलगी लागली होती, ठाण्याची, नवरा एमआयडीसीत कामाला, लग्न होऊन इकडं आलेली. मला काका म्हणायची. तिनं सांगितलं की शुक्रवारी मशीन येणार, जुन्या काचांचं कपाट रिकामं करतोय, मॅडम म्हणाल्या तुम्हाला कळवा. शेजारी ट्रॅक्टर चालला होता, मला ओरडून बोलावं लागत होतं. मी म्हणालो, बाकीचं काय बी करा, ती निळी पेटी तेवढी मला पुसून टाका.

ती म्हणाली, हो काका, नक्की पुसून टाकते.

मी फोन खिशात ठेवला. शब्दाला पक्की दिसली पोरगी, असं वाटलं.

शुक्रवारी पहिल्या बसनं गेलो. लॅबच्या दारात लाकडी खोक्याच्या फळ्या पडल्या होत्या. आत कपाटाच्या जागी मशीन बसलेलं, पांढरं, आमच्या जुन्या फ्रिजएवढं आडवं. कंपनीचा माणूस त्याच्या पोटात हात घालून काहीतरी जोडत होता. मुलीनं मला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि आतनं निळी पेटी घेऊन आली. चेहरा नुसता फुललेला.

"बघा काका, एकेक काच पुसलीय. सगळ्या तेलकट झाल्या होत्या. झायलीन लावून पुसल्या, दोन दिवस लागले."

मी पेटी उघडली. काचा लखलखत होत्या. दुर्बिणीखाली बघताना काचेवर तेलाचा थेंब टाकतात, ते तेल वर्षानुवर्षं साठून चिकट झालेलं, ते सगळं झायलीननं विरघळून गेलेलं. सारवणाला धक्का नव्हता, रंगवलेलं सारवण तेवढ्यानं निघत नाही. पण आमच्या काचा जुन्या, साध्या. त्यांच्यावर नंबर छापलेला नसायचा. मी तांबड्या मेणाच्या पेन्सिलीनं नंबर घालायचो. तेलाबरोबर ते नंबरही गेले होते. आणि वाळत घालायला काचा कागदावर काढल्या होत्या, परत लावताना हाताला येतील तशा लावल्या होत्या. साठ-सत्तर काचा, सगळ्या जांभळ्या, एकीलाही नाव नाही.

मी म्हणालो, पोरी, मी पुसायला सांगितलं हुतं. ती म्हणाली, हो काका, पुसल्याच ना. मी म्हणालो, मला पुसायचं हुतं. ती म्हणाली, तुम्ही कशाला पुसायच्या, मी होते ना. असं आमचं दोन-तीनदा झालं. डॉक्टरीणबाई दारात उभ्या होत्या. त्या माहेरच्या इंदापूरकडच्या. त्यांच्या आधी लक्षात आलं. त्या हसायला लागल्या आणि पेटीकडं बघून एकदम थांबल्या.

त्यांनी मुलीला सांगितलं की अगं, इकडं पुसणं म्हणजे विचारणं. तात्या म्हणत होते, मला विचारल्याशिवाय टाकू नका.

मुलगी म्हणाली, मग टाका म्हणजे फेकून टाका?

"व्हय," मी म्हणालो.

तिनं मग विचारलं की त्यात कुणाची काच होती. मी सांगितलं. हातातलं फडकं तिनं घडी घालून परत उलगडलं, परत घडी घातलं.

राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण तिच्यावर कसा काढायचा. सांगितलेलं काम तिनं इतकं नीट केलं होतं की जरा आळशी असती तर बरं झालं असतं. मी तिला म्हणालो, चहा आला का बघ.

डॉक्टरीणबाईंनी कंपनीच्या माणसाला थांबायला सांगितलं आणि दुर्बिणीवर बसल्या. एकेक काच लावून बघायची, बायकोच्या आजारासारखी दिसली की उजवीकडं ठेवायची. मुलगी काचा देत होती, मी घेत होतो. तास-दीड तास गेला असेल. शेवटी उजवीकडं नऊ काचा राहिल्या. डॉक्टरीणबाईंनी डोळे चोळले आणि म्हणाल्या, "तात्या, याच्या पुढं मला जाता येत नाही. या आजाराच्या सगळ्या काचा सारख्याच दिसतात. अंदाजानं एक उचलून देईन, पण ते खोटं होईल."

मला ते बोलणं आवडलं. दुसऱ्या कुणी एक काच हातात देऊन पाठीवर हात ठेवला असता, आणि मी घरी जाऊन कुणाचंही रक्त जपत बसलो असतो.

मी म्हणालो, ऱ्हाऊ द्या. आणि खुर्चीवर बसलो. नऊ काचा समोर टेबलावर. त्यातली एक ती, हे पक्कं. कुठली, ते नाही. नऊच्या नऊ घेऊन जावं असंही मनात आलं, पण बाकीच्या आठांच्या घरी कुणीतरी असेलच की.

तेवढ्यात कंपनीच्या माणसानं मशीन चालू केलं. नळ्यांची एक रांग आत सरकली, मशीननं नळी उलटीपालटी करून रक्त हलवलं, आत काहीतरी सुईसारखं खाली गेलं, आणि काही वेळानं पलीकडच्या बाजूनं एक काच बाहेर आली. वाळलेली, रंगवलेली, टोकाला बारीक नंबर छापलेला. मुलीनं ती माझ्या हातात दिली. मला बरं वाटावं म्हणून दिली असेल, किंवा तिलाच हाताला काहीतरी काम पाहिजे असेल. मी सवयीनं उठलो आणि काच खिडकीच्या उजेडाला धरली.

सारवण चांगलं होतं. चांगलं म्हणजे मोठ्या डॉक्टरांनी बोलायचं बंद केलं असतं असं. जिभेगत, कडा सुटलेल्या, शेवट पिसागत. दुसरी काच आली, तशीच. तिसरी, तशीच. कंपनीचा माणूस सांगत होता की रक्त दाट का पातळ ते मशीनला कळतं, त्याप्रमाणं ते ओढायचा वेग बदलतं. मी म्हणालो, आमीबी बदलायचो. तो म्हणाला, बरोबर आहे आजोबा, पण हे दमत नाही, आणि याचा हात हलत नाही.

हात हलत नाही म्हणाला आणि मी तिथंच थांबलो.

मी टेबलाकडं गेलो, नऊ काचा उचलल्या आणि खिडकीशी आणल्या. आम्ही सगळे सकाळपासून दुर्बिणीतनं पेशी बघत होतो. सारवण कुणी बघितलंच नव्हतं. मीसुद्धा नाही, आणि माझा सगळा जन्म त्यातच गेलेला. पहिली काच धरली, सरळ. दुसरी सरळ. माझाच हात, ओळखीचा. वाईट निघालेली काच कुणी जपून ठेवत नाही, ती डब्यात जाते. निळ्या पेटीत सगळ्या चांगल्याच असणार होत्या, एक सोडून. पाचवी सरळ, सहावी सरळ. सातवी धरली, आणि तिच्यावर आडवे तीन वळ होते.

मी उरलेल्या दोन्हीही बघितल्या. घाई केली नाही. त्याही सरळ होत्या.

"हीच," मी म्हणालो.

डॉक्टरीणबाई जवळ आल्या. मी काच उजेडाला धरून त्यांना वळ दाखवले. त्यांनी बोट लावलं नाही, नुसतं बघितलं, आणि म्हणाल्या, हो, मी परत टोचू म्हणाले होते, तुम्ही रागावला होतात. मी म्हणालो रागावलो नव्हतो. त्या म्हणाल्या, बरं.

मुलीनं विचारलं, काका, मशीनवर नाव छापून देऊ का, छोटी चिठ्ठी निघते, काचेला लावता येईल. मी म्हणालो नको, आता लागत न्हाय. मग तिच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणालो, पर एक फडकं दे, गुंडाळायला. तिनं तेच घडी घातलेलं फडकं दिलं. काच चष्म्याच्या घरात बरोबर बसली. चष्मा नाकावर ठेवला आणि काच घरात. अजून तिथंच आहे. चष्म्याला दुसरं घर घेतलं नाही, तो रात्री पेले ठेवायच्या फळीवर असतो. सून बोलते, चष्म्याची काच घासायला लागली म्हणते. घासू दे.

निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तात्या, आठवड्यातनं दोन दिवस येत जा. मी म्हणालो आता काय करायचंय, हे दमत न्हाय म्हंत्यात. त्यांनी सांगितलं की मशीनला नळीत ठरावीक रक्त लागतं, त्याच्या खाली ते काम करत नाही. नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या टाचेतनं दोन थेंब निघतात, ते मशीनला पुरत नाहीत. ते हातानंच ओढावं लागतं, आणि या मुलीला हातानं नीट येत नाही. मुलगी म्हणाली, कॉलेजात दोनच दिवस शिकवलं होतं काका, मग सगळं मशीनवर.

म्हणून मी परत जायला लागलो. मंगळवार आणि शुक्रवार. मुलगी दाबते. पहिल्या दिवशी तिनं दहा काचा ओढल्या, दहाही पानाची पिंक. मी तिला सांगितलं की दाबू नको, मधी थांबू नको, सारवायला बसल्यागत भार ठेव आणि चालत राहा. ती म्हणाली, काका, मी जन्मात कधी सारवलं नाही, आमच्याकडं चौथ्या मजल्यावर कुठली जमीन. मग काय करता. तिचा हात धरून शिकवावं तर ते बरं दिसत नाही. मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, त्यांनी लॅबच्या मागच्या ओट्यावर शेणाची पाटी आणून दिली. ठाण्याची पोरगी नाक मुरडत बसली आणि सारवायला लागली. कंपनीचा माणूस त्या दिवशी मशीन बघायला आला होता. त्यानं मोबाइलमध्ये फोटो काढला, कुणाला दाखवला असेल कुणास ठाऊक. पुढच्या शुक्रवारी तिची एक काच बरी निघाली. मी ती खिडकीला धरली आणि काही बोललो नाही. ती म्हणाली, वाईट आहे का. मी म्हणालो, रंगवायला ठेव.

मशीनबद्दल कुणी विचारलं तर मी सांगतो, चांगलं काम करतं. मी अर्ध्या दिवसात करायचो तेवढं ते चहा पिईपर्यंत करतं, आणि एकही वाकडी नाही. हेवा वाटत नाही. माझ्या काचा वाकड्या निघायच्या त्या दिवशी मोठे डॉक्टर ओरडायचे, आता कुणी कुणाला ओरडत नाही. रिपोर्ट लवकर मिळतो, इंदापूरचा माणूस त्याच दिवशी औषध घेऊन घरी जातो. हे चांगलंच आहे.

परवा मुलीचा फोन आला. निळ्या पेटीतल्या उरलेल्या काचा पेटीत तशाच होत्या, नंबर नसल्यामुळं त्या शिकवायलाही उपयोगाच्या नव्हत्या. मी मिरचीत होतो. ती म्हणाली, "काका, त्या बाकीच्या काचा आहेत ना, त्या तुम्हाला पुसून टाकायच्या आहेत. टाकू का?"

शब्द ती नीट सांभाळून बोलली, नवीन भांडं हातात धरावं तसं. मी म्हणालो, "माझं बघून झालंय. टाक आता."

आता शुक्रवारी दुपारच्या बसनं परत येतो. मांडीवर पेटी नसते, काचा तिथंच राहतात. अंथुर्ण्याचा थांबा आला की माझी मान खिडकीकडं वळते, ते काही जात नाही. थांब्यावर कधी कुणी असतं, कधी नसतं. मी उतरतो, खिशातलं चष्म्याचं घर चाचपतो, आणि घराकडं चालताना मनातल्या मनात सांगून टाकतो. आज तीनच. बाकीची मशीननं सारवली.